एक ओके, दोन कान

आमच्या रस्त्याला लोक विमानांचा रस्ता म्हणत. त्या रस्त्यावरून विमान कधी उडालं नाही, होती ती विमान कंपन्यांची ऑफिसं. ओळीनं काचेची दारं, दारामागे थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, लांब काउंटर आणि काउंटरमागे गळ्याला रुमाल बांधलेल्या आम्ही. प्रत्येक कंपनीच्या खिडकीत एक खोटं विमान, चांगलं हातभर लांब. शाळेतून घरी जाणारी पोरं काचेला नाक लावून ते बघत बसायची, आणि नंतर काच पुसणारा त्यांच्या नावानं शंख करायचा. आता तिथं मोबाईलची दुकानं आहेत, एक दातांचा दवाखाना आहे, आणि आमच्या ऑफिसात चपलांचं दुकान आहे. मागे मी मुद्दाम आत जाऊन आले. आमचा काउंटर होता त्या जागी एक बाई पाय वर करून बूट घालून बघत होती. काही कारण नसताना मला तिचा संताप आला. आता तिकीट फोनवर निघतं, बोट लावलं की झालं. काही बिनसलं की माणूस त्याच फोनला कान लावून गाणी ऐकत बसतो. आमच्या वेळी निदान भांडायला समोर कुणीतरी जिवंत माणूस असे.

ज्या बाईशी लोक सगळ्यांत जास्त भांडत, तिची ही गोष्ट आहे. तिला आम्ही ओकेबाई म्हणायचो. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे ओकेबाई. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार. कारण बाईंच्या तोंडून ‘ओके’ निघणं म्हणजे दगडातून तेल काढणं होतं.

हे कळायला तेव्हाचं तिकीट कसं होतं ते सांगायला हवं. चेकबुकासारखं लांबट पुस्तक, पानांच्या पाठीला लाल कार्बन. वर लिहिलेलं अगदी शेवटच्या प्रतीवर उमटलं पाहिजे म्हणून आम्ही बॉलपेन असं दाबायचो की संध्याकाळी कणीक मळायला बोटं वळत नसत. प्रवासाच्या ओळीच्या टोकाला एक चौकोन असे, नखाएवढा. जागा पक्की असली की त्यात लिहायचं ओके. नसली तर आरक्यू, म्हणजे मागणी नोंदवली आहे, पुढचं तुमचं नशीब. एकदा त्या चौकोनात ओके आलं की विमानतळावर तुम्हाला अडवायची कुणाची टाप नव्हती. मग विमान भरलेलं असो की काही असो, ते दुसऱ्या कुणालातरी उतरवतील पण तुम्हाला नेतील.

बाईंनी तो चौकोन मनाला फारच लावून घेतला होता. चहा घेणार का विचारलं तर म्हणायच्या, पाहते. उद्या येणार का, पाहते. त्यांच्या तरुणपणी म्हणे एक चांगलं स्थळ चालून आलं होतं. मुलाकडच्यांनी होकार विचारला तर बाई म्हणाल्या, सध्या रिक्वेस्टवर ठेवा. मुलगा दुसरीकडे कन्फर्म झाला. ही गोष्ट खरी की आमच्या ऑफिसच्या साहेबांनी रचलेली, देव जाणे. बाईंना विचारण्यात अर्थ नव्हता, त्या ‘पाहते’ म्हणाल्या असत्या.

मी तेव्हा नवी होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक डोळ्यांत प्राण आणून विचारतंय की होईल ना हो माझं, आणि ही बाई त्याला खोटं खोटं ‘होईल’सुद्धा म्हणत नाही, हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी तसं बोलून दाखवलं, जरा जास्तच. साहेबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं आता हजेरी घेणार. पण त्यांनी मला बाईंच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं.

ही बहीण परदेशात एका कुटुंबाकडे मुलं सांभाळायला होती. आई अत्यवस्थ झाली तेव्हा तिनं तिकडून बाईंना फोन केला, मला पहिल्या विमानात बसव. त्या विमानात जागा नव्हती. साहेब म्हणाले होते, बाई, खुशाल चौकोनात ओके लिहून पाठवा, पुढचं तिथले लोक बघतील. बाईंनी लिहिलं नाही. खोट्या ओकेनं एक माणूस चढतो तेव्हा खरा ओके असलेला दुसरा खाली राहतो, आणि त्याचीही आई असू शकते, असं त्यांचं म्हणणं. जागा झाली नाही. बहीण आली तोवर सगळं आटोपलं होतं. दारातच ती बाईंना म्हणाली, “तुझ्या तोंडून ओके निघायला घरातलं अजून कोण जायला हवं?” त्यानंतर दोघींत अक्षर नाही. वर्षं गेली.

हे ऐकल्यावर मी बाईंना बोलायची थांबले. पटलं म्हणून नव्हे. मला वाटलं, सख्ख्या बहिणीसाठी जिनं पेन उचललं नाही, तिच्याशी बोलून काय उपयोग.

मग एके दिवशी बाईंच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त तारीख, एका शहराचं नाव आणि एक ओळ होती. मालकांचं कुटुंब तो देश सोडून दुसऱ्या देशात राहायला निघालं होतं, वाटेत त्या शहरात एक दिवसाचा मुक्काम होता. यायचं तर ये. इतकंच. आमचं विमान त्या शहरात जायचं. कंपनीच्या नोकरांना एरवी रिकामी जागा उरली तर फुकट नेत, पण जुन्या माणसांना एकदा, आयुष्यात एकदाच, पक्क्या जागेचं तिकीट बक्षीस मिळे. बाईंचं ते तिकीट कपाटात धूळ खात पडलं होतं. त्यांनी त्याच दुपारी त्या तारखेला आपली जागा धरली, तेव्हा जागा भरपूर होत्या. विमानाचा ओके लगेच आला. बहिणीला मात्र काही कळवलं नाही. म्हणजे बाईंचाच ओके राहिला होता.

त्याच विमानासाठी एक वेल्डर आमच्याकडे खेटे घालत होता. उशिरा आला बिचारा, तोवर सुट्ट्यांची गर्दी होऊन विमान गच्च भरलं होतं. तिकडच्या जहाजांच्या कारखान्यात त्याला काम लागलं होतं, पण परवान्यावर शेवटची तारीख होती. त्या तारखेच्या आत तिथल्या जमिनीवर पाय ठेवला नाही तर परवाना रद्द आणि त्याच्या जागी दुसरा माणूस. विमान पोचायचं ते नेमकं त्या शेवटच्या दिवशी. बाईंनी त्याचं नाव प्रतीक्षायादीत घातलं, सगळ्यांत वर. कुणीही रद्द केलं की जागा याची. पण त्याला सांगताना नेहमीचंच सांगितलं. आरक्यू आहे, रोज सकाळी फोन करा, मी ओके म्हणेन तेव्हाच सामान बांधा, त्याच्या आधी खोली सोडू नका आणि नोकरी सोडू नका. तो मान हलवत गेला. रोज खोलीखालच्या दुकानातून फोन करायचा, आणि बाई रोज म्हणायच्या, नाही अजून.

आमच्या काउंटरवर दोन फोन होते, एक काळा, गिऱ्हाइकांचा, आणि एक राखाडी, परदेशी कॉलचा. त्या सकाळी बाईंच्या डाव्या कानाला काळा होता आणि पलीकडे वेल्डर होता. तेवढ्यात राखाडी वाजला. बाईंनी वेल्डरला थांबायला सांगितलं, काळा फोन मानेत धरला आणि राखाडी उचलला. बहीण होती.

ऐकू येत होतं ते फक्त बाईंचं बोलणं, आणि तेही हं, हं, इतकंच. मग त्या म्हणाल्या, पाहते. पलीकडून बहीण काय म्हणाली ते आम्हाला नंतर कळलं. ती म्हणाली होती, पाहते नको, आज मला तुझ्या तोंडून ओके हवाय, नाहीतर मी विमानतळाच्या गेटवर उभी राहणार नाही. बाईंनी मोकळा हात डोळ्यांवर ठेवला.

“ओके,” त्या म्हणाल्या.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, एका फोनवर बोलताना दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवायचा. बाईंनी ते मला स्वतः शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांचा एक हात राखाडी फोनवर होता आणि दुसरा डोळ्यांवर. काळ्याचं तोंड हनुवटीखाली उघडं राहिलं.

ते तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आख्खं ऑफिस बघत राहिलं होतं. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, आज कॅलेंडरवर खूण करा. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई लाजल्या, चक्क लाजल्या. मग त्यांना काळ्या फोनची आठवण झाली. तो कानाला लावला तर लाईन बंद. त्या म्हणाल्या, कंटाळून ठेवला असेल, करेल उद्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. त्यानंतरही नाही. बाईंनी स्वतः त्या दुकानात दोनतीनदा लावून पाहिला. दुकानदार म्हणायचा, निरोप देतो, आणि ठेवून द्यायचा. मी म्हटलं, दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल, जाऊ दे ना. बाईंचं मात्र मन लागत नव्हतं. एकीकडे त्या सामान भरत होत्या, बहिणीसाठी काय न्यावं म्हणून मला विचारत होत्या, आणि मध्येच म्हणायच्या, त्याचा फोन कसा नाही गं.

विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी दार ढकलून तो आत आला. अंगात नवा शर्ट, हातात फुगलेली बॅग, बॅगेला दोरीनं बांधलेला वेल्डिंगचा मुखवटा. चेहरा असा फुललेला की मी आपोआप हसले. तो सरळ बाईंच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, उद्याचं तिकीट घ्यायला आलो.

बाईंनी विचारलं, फोन का बंद केलात, तुमचं अजून आरक्यूच आहे.

तो हसतच होता. त्याला वाटलं बाई गंमत करतायत. “असं काय करता मॅडम? तुम्हीच तर ओके म्हणालात. मी कानांनी ऐकलं.”

बाईंनी एकदाच ओके म्हटला होता आणि तो कुणासाठी ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त तो कुणाकुणाच्या कानात गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंचा हात काळ्या फोनवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मग एकेक बाहेर आलं. त्यानं खोली सोडली होती. गॅरेजमधली नोकरी सोडली होती आणि तिथं दुसरा माणूस आलाही होता. स्वतःचं वेल्डिंग मशीन विकून टाकलं होतं. बायकोला आणि मुलीला सासुरवाडीत पोचवून तो सरळ इथं आला होता. बाईंनी घातलेली प्रत्येक अट त्यानं पाळली होती. ओके ऐकल्याशिवाय त्यानं काही म्हणजे काही केलं नव्हतं. त्याला शिव्या घालाव्यात तर त्याचा एक गुन्हा सापडत नव्हता.

साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं, पण आवाज आम्हाला येत होता. त्यांचं म्हणणं, तुम्ही त्याला म्हणालाच नाहीत, आम्ही सगळे साक्षीला आहोत, कंपनीवर काही येत नाही. बाई म्हणाल्या, “मी म्हटलं नाही हे खरं. पण त्यानं ऐकलं हेही खरंच आहे ना?”

मला बाईंनी रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपन्यांकडे जागा शोधायला पिटाळलं. आम्ही काउंटरवाल्या दिवसभर एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायचो आणि जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचो, त्यामुळे कुठल्याही दारात मला नाही म्हणणारं कुणी नव्हतं. मी टाचांचे बूट हातात घेऊन पळाले. पहिल्या ऑफिसात गच्च. दुसऱ्यात जागा होती, पण ते विमान तारीख उलटल्यावर उतरणार. तिसऱ्या ठिकाणी माझ्या मैत्रिणीनं जाडजूड वेळापत्रक उघडून दोन विमानं बदलत कसाबसा रस्ता काढला, मी आनंदानं तिचा गालगुच्चा घेतला, आणि मग तिनंच शेवटची ओळ वाचून मान हलवली, मधलं विमान त्या वारी नाहीच. चौथ्यात, पाचव्यात नुसतेच खांदे उडवले. परत येताना आमच्या काचेतून मला तो दिसला. खुर्ची रिकामी असून तो बॅगेवर बसला होता, आणि नजर दारावर. मला बघून उठला. मी नाही म्हणायच्या आधीच त्याला कळलं आणि तो पुन्हा बसला.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी कोरं तिकीट बाईंपुढे सरकवलं आणि सांगितलं, लिहा ओके, माझ्या जबाबदारीवर. विमानतळावर थोडी आरडाओरड होईल, कुणीतरी एक मागे राहील, उद्या त्याला हॉटेल देऊ. सगळे करतात.

मीही म्हटलं, लिहा बाई, कुणाला कळणार आहे.

बाई तिकिटाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “आईच्या वेळी नाही लिहिलं. आज लिहिलं तर मग तेव्हा का नाही लिहिलं, याचं उत्तर मी तिला काय देऊ?”

बाईंनी काळा फोन ओढला आणि मुख्य कचेरीत जागा सांभाळणाऱ्या माणसाला लावला. त्या आवाजाशी बाई वर्षानुवर्षं बोलत होत्या, तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विमान सांगितलं, तारीख सांगितली आणि एक जागा रद्द करायला सांगितली. नाव स्वतःचं सांगितलं.

मी त्यांचा हातच धरला. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण इतकं आठवतं की बहिणीचं काय, असं मी ओरडले, आणि वेल्डरनं चमकून वर पाहिलं. मी म्हटलं, उलटं करा. तुमची जागा तुमच्याकडे ठेवा, याला विमानतळावर पाठवा. कुणी ना कुणी येत नाहीच, रिकामी जागा याला मिळेल. नशीब असेल तर जाईल.

“मग ते नशीब मीच बघते,” बाई म्हणाल्या. “मला सवय आहे. त्याला मी ओके म्हटलंय.”

“बहिणीलाही म्हटलंय!”

त्यांनी मान हलवली. हो, म्हणाल्या, तिलाही म्हटलंय. आणि फोनवरच्या माणसाला सांगितलं, करा. विमानात एक जागा सुटली आणि यादीतलं सगळ्यांत वरचं नाव आत गेलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती, कुणाचं काही हिसकावलेलं नव्हतं. बाईंनी तिकीट लिहायला घेतलं. चौकोनात ओके लिहिताना त्यांनी पेन असं दाबलं की खालच्या टीपकागदावरही दोन अक्षरं उमटली.

त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीच्या जुन्या घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. घर रिकामं झालं होतं, बहीण वाटेला लागली होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण बाईंनी तर दोन्हीकडे पाऊल टाकून झालं होतं.

सकाळी मी विमानतळावर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. बाई नोकरांच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर छोटी बॅग, हातात फुकट तिकीट, रिकामी जागा उरली तर चालणारं. वेल्डर रांगेत होता. त्याचं तिकीट बघून काउंटरवरच्या पोरीनं मान वरही केली नाही, बॅगेला चिठ्ठी लावली आणि मुखवटा हातात न्यायला सांगितला. इतकं सोपं होतं ते, ओके असलं की.

आत जाण्याआधी तो बाईंसमोर येऊन उभा राहिला. बाईंनी बॅगेतून एक अंगुस्तान काढलं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. त्यांच्या आईचं होतं. तेच त्या बहिणीला न्यायला निघाल्या होत्या.

“मी चढले तर आत परत घेईन,” त्या म्हणाल्या. “नाही चढले तर बाहेरच्या गेटवर माझी बहीण उभी असेल. नुसतं सांगितलंत तर तिचा विश्वास बसायचा नाही. हे दाखवा. आणि झालं ते सगळं सांगा, माझी बाजू घेऊ नका.”

त्यानं विचारलं, ओळखू कसं? बाई म्हणाल्या, नाक माझंच आहे, राग जास्त आहे.

मग आम्ही बसून राहिलो. रांग संपत आली. काउंटरवरच्या पोरीनं बाईंकडे बघून दोन बोटं वर केली, म्हणजे दोन जण अजून आले नव्हते. मी मनात त्या दोघांना नाही नाही ते म्हटलं. टायर पंक्चर होवो, पासपोर्ट घरी राहो, भांडण होऊन एकमेकांचं तोंड न बघोत. बाईंनी बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. घड्याळाकडे बघणारी मी, त्या दाराकडे बघत होत्या. काउंटरच्या दिव्याखाली पोरीनं पाटी उचलली, बंद करायची पाटी, आणि बाई उठल्या. खरंच उठल्या, दोन पावलं पुढे गेल्या.

तेवढ्यात दारातून एक जोडपं धावत आलं, नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेलं मूल. बाई बाजूला झाल्या आणि त्यांना वाट दिली. बायकोची पिशवी फाटून वस्तू सांडल्या, तर बाईंनीच वाकून गोळा करून दिल्या. मी तिथं उभी राहून रडत होते आणि त्या माझ्यावरच वैतागल्या. म्हणाल्या, चल, ऑफिस उघडायचंय.

तो दिवस कसा गेला विचारू नका. विमान केव्हा उतरणार ते आम्हाला पाठ होतं. बाई गिऱ्हाइकांशी बोलत होत्या, तिकिटं लिहीत होत्या, आणि मागच्या खोलीत निरोप छापणारं टेलेक्सचं यंत्र खडखडलं की पेन थांबायचं. ते यंत्र दिवसभर खडखडायचं. प्रत्येक वेळी कुठल्यातरी हरवलेल्या सामानाची नाहीतर उशिराची खबर निघायची. मला ते यंत्र फोडावंसं वाटत होतं.

दुपार कलल्यावर साहेब कागद फाडून बाहेर आले. ते म्हणाले, बाई, हे काहीतरी तुमचं दिसतंय. त्या शहरातल्या आमच्याच ऑफिसातून आलं होतं. अक्षरं परकी, भाषा आपली. तिथल्या माणसाला ओ की ठो कळलं नसणार, समोर उभी असलेली बहीण एकेक अक्षर सांगत गेली आणि तो टाईप करत गेला. बाईंनी वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला, कारण चष्म्यात पाणी साचलं होतं.

‘तुमचा माणूस पोचला. अंगुस्तान मिळालं. तो ओके माझा होता. त्याला उसना दिलाय. परत न्यायला येईन.’

पण येईन म्हणणं आणि येणं यांच्या मध्ये बहिणीच्या मालकांचं कुटुंब होतं, तिथली मुलं होती, नोकरी होती. पत्रं येऊ लागली, बहीण काही आली नाही. एवढ्या काळात रस्ता बदलत गेला. आधी कॉम्प्युटर आले, तिकिटावरचा चौकोन गेला, कार्बन गेला. मग शेजारची ऑफिसं एकेक करून काचेला कागद लावू लागली. आमचेही शेवटचे महिने आले. रांग अजून होती, पण ती तिकीट घेणाऱ्यांची नव्हती, पैसे परत मागणाऱ्यांची होती, आणि प्रत्येक माणूस चिडलेला. बाई रिटायर व्हायला आल्या होत्या. खिडकीतलं खोटं विमान कुणीतरी आधीच घरी नेलं होतं.

अशाच एका दुपारी रांग मोडून एक बाई सरळ काउंटरशी आली. मागच्यांनी आवाज चढवला. मीही तोंड उघडलं होतं, आणि मला ते नाक दिसलं. करंगळीशेजारच्या बोटात तिनं अंगुस्तान घातलं होतं, अंगठीसारखं.

आमच्या बाई मान खाली घालून कुणाचातरी परतावा लिहीत होत्या.

“माझं एक उसनं राहिलंय तुमच्याकडे,” ती म्हणाली.

“बसा,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “पाहते.”

“किती वर्षं नुसतं पाहते, पाहते,” धाकटी म्हणाली. “आता वर बघ ना, ताई.”

मी उठले आणि बाईंच्या काउंटरवर बंदची पाटी ठेवली. रांगेतले लोक कुरकुरले. म्हटलं, कुरकुरू देत.